बंद झालेली हजेरी

दिवस कलला की बापू पागोटं बांधायला घ्यायचे. शेतातून येऊन हातपाय धुवायचे, चहा असला तर चहा, नाहीतर नुसतं पाणी प्यायचे, आणि मग ओट्यावर बसून पागोट्याचा एकेक पेच नीट बसवायचे. लग्नाला निघालेला माणूसही इतकं जपून बांधत नसेल. मग काठी घेऊन तांड्याच्या उतारावरून गावाकडे निघायचे. मध्ये एक नाला आणि पाटलाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं शेत, लागायची, की लगेच गाव आणि गावात शिरताच चावडी. तिथे पोलीस पाटील बसलेले असत. त्यांच्यापुढे जोडे काढून बापू उभे राहायचे आणि आमच्या तांड्यातला प्रत्येक जीव जागेवर आहे असं सांगायचे.

याला आम्ही हजेरी म्हणायचो. मी लहान होते तेव्हा तांड्यातले सगळे बाप्ये जायचे, पुढे एकटे बापू जायला लागले. का, ते पुढे येईल.

आमच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखात पोचवलं. आगगाडी आली, सडका झाल्या आणि तो धंदा बसला. मग बैल विकून कोणी जमिनी घेतल्या, कोणी झाडोरा तोडून केल्या. आमच्या आज्याच्या काळापासून आम्ही उमरखेडच्या या भागात ज्वारी, कापूस पेरतो आहोत. पण फिरत्या माणसाचा संशय सरकारच्या मनातून जमीन घेतल्याने जात नाही. गोऱ्या साहेबाने कायदा केला की अमुक जातीत जन्मला तो चोर. पाळण्यातलं पोर काय चोरतं, हे त्या साहेबाला कोणी विचारलं नसावं. मी असते तर विचारलं असतं, आणि मार खाल्ला असता.

नियम साधे होते. रोज सांजेला हजेरी द्यायची. तांड्याबाहेर मुक्काम करायचा तर आधी पाटलाला सांगायचं, त्याने हो म्हटलं की जायचं. घरी पाव्हणा आला तर तो कोण, कुठला, किती राहणार, तेही सांगायचं. न सांगता कोणी गेला आणि त्याच सुमारास पंचक्रोशीत कुठे चोरी झाली, तर तो चोर. माझा मामा असाच अडकला. तो आमच्याकडे पाव्हणा म्हणून आला होता, बापूंनी त्याची हजेरी दिली होती. एक दिवस उठून तो ढाणकीच्या बाजाराला गेला, उशीर झाला म्हणून तिथेच ओळखीच्या माणसाकडे झोपला. त्या रात्री बाजारातलं एक दुकान फुटलं. मामाला उचललं. तो परत आला तेव्हा एक पाय ओढत चालत होता, आणि त्यानंतर तो कोणाच्या घरी पाव्हणा म्हणून गेलाच नाही. आपल्या सख्ख्या बहिणीकडेही नाही. याडी, म्हणजे माझी आई, दरवर्षी दिवाळीला त्याची वाट पाहायची.

देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी हा कायदा रद्द झाला. पण तो रद्द झाला हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. कायदा करताना दवंडी पिटली होती म्हणे, रद्द करताना पिटली नाही. मग छप्पन साल आलं. आम्ही तोवर नागपूरच्या राज्यात होतो, आता मुंबईच्या राज्यात गेलो. पैनगंगेपलीकडचा मुलूख, ज्याला आमची म्हातारी माणसं अजून मोगलाई म्हणत, तोही आमच्याच राज्यात आला. ठाण्यावर नवा ठाणेदार आला. तरुण होता, पश्चिमेकडचा असावा, त्याची मराठी आम्हाला अर्धीच कळायची. तो सायकलवरून गावात आला, चावडीपुढे तांड्याच्या लोकांना बोलावलं आणि म्हणाला, यापुढे हजेरी नाही. तुम्ही इतरांसारखेच. कुठेही जा, कुठेही राहा.

लोकांनी हात जोडून ऐकून घेतलं. साहेब सायकलवर बसून गेला, आणि तांड्यात बैठक बसली.

ती बैठक मला आठवते, कारण आम्ही पोरी कुडामागून ऐकत होतो. घरात आणि तांड्यात आम्ही गोरबोली बोलतो. ती इथे लिहिली तर वाचणाऱ्याला कळायची नाही, म्हणून गावात बोलायचो ती वऱ्हाडी लिहिते. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, म्हातारा माणूस होता. तो म्हणाला, "गोरे गेले तई वाटलं, हजेरी गेली. गेली का? नागपूरचं राज्य आलं तई वाटलं. गेली का? आता हे मुंबईवाले आले. मुंबई तं नागपूराहून दूर हाये. शेत दूर असलं का राखणदार जास्त लागते का कमी?"

कोणी तरी दबकत म्हणालं, "पण सायबानं सोता सांगतलं ना."

"थो साहेब पाहून राह्यला, आपून काय करतो थे," नायक म्हणाला. "नवा हाये. पयले ढील देऊन पाह्यते. मंग कोन कोठी पळते थे समजते त्याले."

असं पूर्वी झालं होतं. बापूंच्या तरुणपणी एका साहेबाने असंच "बसा घरी" म्हटलं होतं. लोक बसले. साहेब बदलला, आणि दुसऱ्याने तेवढ्या दिवसांची गैरहजेरी मोजून बाप्यांना उन्हात बसवलं. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला राज्य बदललं असं सांगून पटत नाही. त्याच्या दृष्टीने साहेबाची टोपी बदलते, काठी तीच राहते.

शेवटी ठरलं की सगळ्यांनी जायचं नाही, म्हणजे साहेबाचा शब्द मोडला असं होणार नाही. पण एकाने जायचं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर हजेरी चुकली असंही होणार नाही. तो एक म्हणजे बापू. त्यांना तांड्याचं घर न् घर तोंडपाठ होतं, आणि ते कधी खोटं बोलत नसत, हा त्यांचा दोष.

तेव्हापासून बापू एकटे जायला लागले. पाटलांनी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं असेल. पण रोज सांजेला एक माणूस जोडे काढून आपल्यापुढे उभा राहतो, रामराम घालतो, ही गोष्ट कोणाला नको असते? ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं, जाय." कधी बापू हुरडा न्यायचे, कधी तुरीच्या शेंगा, कधी जळणाची मोळी. पाटील तेही ठेवून घ्यायचे. पाटील वाईट माणूस नव्हता हे मला मान्य आहे. पण तोंडातून एक वाक्य काढायला त्याला इतकी वर्षं का लागली, याचा राग मी या वयातही गिळू शकत नाही.

या सगळ्याला हसायची ती एकटी बाई, माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाईच म्हणायचो. तिला नदीपलीकडच्या तांड्यात दिली होती. माहेरी आली की बापूंना पाव्हणी म्हणून तिची हजेरी द्यावी लागायची. ते पागोटं बांधायला बसले की ती समोर येऊन उभी राहायची.

"बापू, आपली मांजर व्याली. थे सांगतलं का पाटलाले?"

बापू पेच बसवत राहायचे.

"चार पिल्लं हायेत म्हणा. एक काळं हाये. काळ्यावर नजर ठिवा म्हणा."

बापू हसायचे नाहीत, पण त्यांचे कान लाल व्हायचे. ती एकटीच त्यांना असं बोलू शकायची. मी तसं बोलले असते तर काठी माझ्या पाठीत बसली असती. तिचा मला हेवा वाटायचा. तिच्या हसण्याचा, हातभर बलियांचा, म्हणजे आमच्या पांढऱ्या बांगड्यांचा, आणि ती आली की याडी जी रडायची त्याचाही.

हे रडणं सांगायला हवं. आमच्याकडे बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. गळ्यात पडतात, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवतात आणि सुरात रडतात. त्या रडण्यातच सगळ्या बातम्या असतात. गाय मेली, भावाचं लग्न ठरलं, सासू बरी वागते, पाऊस कमी पडला, तुझी फार आठवण येते. एक रडत सांगते, दुसरी रडत उत्तर देते. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोणी वारलं. बातम्या संपल्या की डोळे पुसतात आणि चुलीकडे वळतात. याडी आणि बाई भेटल्या की हे फार वेळ चालायचं. बाई मध्येच रडत रडतच काहीतरी थट्टेचं घालायची, आणि याडीला रडावं की हसावं कळायचं नाही. बापू आवाज ऐकत ओट्यावर बसायचे, मग हळूच उठून चावडीकडे निघायचे, पाव्हणी आली हे सांगायला.

साठ साली महाराष्ट्र झाला. गावच्या शाळेवर झेंडा लागला, पोरांना साखर वाटली. आमच्याही तांड्यातली दोन-चार पोरं मुठीत साखर घेऊन आली, निम्मी वाटेत घामाने विरघळलेली. नायक तोवर वारला होता. कोणीतरी बापूंना म्हणालं, आता तरी पुरे. बापू म्हणाले, "चार वर्सात तिसरं राज्य. मांडी ठोकून बसलं म्हंजे पाहू." आणि त्या दिवशीही सांजेला ते पागोटं बांधून गेले.

त्याच्या पुढच्या कार्तिकात, कापूस फुटू लागला होता तेव्हा, नदीपलीकडून एक माणूस आला. बाईच्या सासरचा, तिचा चुलतदीर. तो उन्हातून चालत आला होता, पाणी प्यायला आणि म्हणाला, बाई बाळंत झाली, पोरगी झाली, पोरगी बरी आहे. पण बाईला ताप आहे. उतरत नाही. ती याडीला बोलावते.

याडीने पुढचं काही ऐकलं नाही. तिने गाडग्यातलं तूप काढलं, सुंठ बांधली, स्वतःचं एक मऊ झालेलं लुगडं बाळासाठी फाडलं. गाठोडं बांधून ती दारात उभी राहिली. पैनगंगेला त्या दिवसांत गुडघाभर पाणी असतं. सकाळी निघालं तर ऊन तापायच्या आत माणूस पलीकडे पोचतो.

बापू म्हणाले, "पाटलाले सांगून येतो. आता आलो."

ते पागोटं न बांधता, नुसतं डोक्याला गुंडाळून गेले. तसं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पाटील कळंबला गेले होते, चिंतामणीच्या दर्शनाला, घरच्यांना घेऊन. कधी येतील हे कोतवालाला माहीत नव्हतं. बापूंनी कोतवालाला विचारलं, तूच सांग, जाऊ का? कोतवाल बिचारा गडबडला. असं काही त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "मी काय सांगू बाप्पा, पाटील आले का त्याइलेच इचारा."

"मंग?" याडी म्हणाली.

"मंग थांबू. उद्या येतीन."

"मी थांबत नाही."

"तुह्या भावाचं काय झालं थे माहीत हाये ना तुले," बापू म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, विनवणी करत होते. "आपून गेलो, अन् इकडं कोठी काही झालं, तं साऱ्या तांड्याले बसवतीन. लेकराबाळासगट. मी हजेरी देतो सगळ्याइची. मीच गैरहजर झालो तं काय सांगू?"

मी मध्ये बोलले. मी तेव्हा सोळा-सतराची असेन, माझं लग्न ठरायचं होतं आणि जीभ आवर असं मला रोज सांगितलं जायचं. मी म्हणाले, "साहेबानं सांगतलं व्हतं ना, कुठंही जा म्हून? मंग कायले भेता?"

"थो साहेब गेला बदलून," बापू म्हणाले. "आता कोन हाये, त्यानं सांगतलं का?"

आजूबाजूची घरंही जमली. एकही माणूस म्हणाला नाही की जा. ते दुष्ट नव्हते. त्यांच्यातल्या बायका याडीपेक्षा मोठ्याने हळहळत होत्या, कोणी काढ्याची मुळी आणून दिली, कोणी बाळाला काजळ दिलं. पण जा म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही. सगळ्यांनाच खात्री होती की कुठून तरी कोणी तरी पाहतं आहे. चुलतदीरही निघण्याआधी आपल्या गावच्या पाटलाला विचारून आला होता, आणि संध्याकाळच्या आत परत पोचतो असं सांगून आला होता. तो उठून गेला.

त्या दिवशी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू चावडीवर, दुपारी चावडीवर, सांजेला चावडीवर. पाटील नाहीत. याडी गाठोडं मांडीवर घेऊन दारात बसून होती. मी बाजूला बसले की ती सांगायची, बाई आली की तिला काय काय सांगायचं आहे. मामाचं पत्र आलं हे सांगायचं. पिवळी गाय गाभण आहे हे सांगायचं. बाई येणार नव्हती, आपणच जाणार होतो, पण याडीच्या डोक्यात ते उलटं झालं होतं. दुपारी ती अचानक उठली आणि नाल्यापर्यंत गेली. बापू मागून धावले. त्यांनी तिला धरलं नाही. वाटेत पुढ्यात जाऊन बसले, मातीत, आणि हात जोडले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपुढे हात जोडल्याचं मी तेवढंच पाहिलं. याडी परत आली.

त्याच्या पुढच्या सकाळी पाटील आले. बापू जायला निघाले तेव्हा मी त्यांच्या मागे गेले. पोरींनी चावडीवर जायचं नसतं, पण मला कोणी अडवलं नाही.

पाटील नुकतेच उतरले होते, कपाळाला गुलाल होता. बापूंनी जोडे काढले, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "मालक, परवानगी द्या."

पाटलांना पहिल्यांदा कळलंच नाही. "कायची परवानगी?"

"नदीपलीकडं जायची. मुक्कामाची."

"अरे," पाटील म्हणाले, "हजेरी बंद होऊन किती वर्सं झाली. ठाणेदारानं तुमच्यासमोर सांगतलं होतं. परवानगी कायची मांगून राह्यला?"

बापू उभेच होते. "तुमी कधी म्हटलं नाई, मालक."

"तू कधी इचारलं नाही," पाटील म्हणाले. मग त्यांना बापूंच्या तोंडाकडे पाहून काहीतरी समजलं असावं. त्यांचा आवाज बदलला. "तू रोज येतं म्हून मी आपला बसत व्हतो. मले वाटे, तुले गमते." आणि मग घाईने, "माही दमणी घेऊन जाय. बैल जोडाले सांगतो. जाय, लवकर जाय."

आम्ही पाटलाच्या दमणीत बसून गेलो. नदीच्या काठावर पूर्वी नाका होता, दोन राज्यांच्या हद्दीवरचा. आता त्याचं छप्पर उडालं होतं, आत शेळ्या बसल्या होत्या. तिथे येताच बापूंनी सवयीने कासरा ओढला. बैल थांबले. बापू त्या पडक्या भिंतींकडे पाहत राहिले.

"हाका," याडी म्हणाली.

बैल पाण्यात उतरले.

बाईच्या तांड्याच्या अलीकडेच आम्हाला कळलं. बाया वाटेवर बसल्या होत्या, आणि आमची गाडी पाहून कोणी उठून समोर आलं नाही. बाई पहाटे गेली होती. माहेरचं माणूस येईल म्हणून त्यांनी तिला अजून हलवलं नव्हतं.

याडी आत गेली आणि तिने बाईला उचलून खांद्याशी धरलं, जशी नेहमी धरायची. आणि ती रडायला लागली. मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिने नेहमीचा सूर लावला, भेटीचा. मामाचं पत्र आलं बाई. पिवळी गाय गाभण आहे. तुझी धाकटी फार बोलते, तिला कोण करून घेईल. तुझ्यासाठी तूप आणलं आहे. प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची, जिथे बाईने उत्तर द्यायचं असतं तिथे, आणि मग पुढची ओळ घ्यायची. आतल्या बायकांना ते ऐकवेना. मला अजून ऐकवत नाही. दुपारच्या वेळी कुठे काही आवाज नसला की मला ती थांबण्याची जागा ऐकू येते.

बाईच्या सासूने नंतर सांगितलं. सासू भली होती, लपवून ठेवायचं नाही म्हणून तिने सांगितलं. ते आमच्या मनात राहून जाईल हे तिच्या लक्षात आलं नसावं. बाई शुद्धीत होती तोवर दाराकडे पाहत होती. घरातलं कोणी म्हणालं, माहेरच्यांना काही काळजी नाही, तर ती चिडली. म्हणाली, "बापू चावडीवर गेले असतीन. पाटील भेटला का निघतीन." पहिल्या दिवशी म्हणाली, दुसऱ्या दिवशी म्हणाली. रात्री ताप वाढला तेव्हाही तेच म्हणत होती. जिने जन्मभर त्या हजेरीची थट्टा केली, ती शेवटी हजेरीवरच विश्वास ठेवून गेली.

हे ऐकताना बापू दाराशी उभे होते. त्यांनी पागोटं काढून हातात धरलं होतं.

बाळाला आम्ही घेऊन आलो. त्या घरात दूध पाजणारं कोणी नव्हतं, आमच्या तांड्यात माझी एक चुलतबहीण अंगावर पाजत होती. परतीच्या वाटेवर याडीने ते फाडलेलं मऊ लुगडं बाळाभोवती गुंडाळलं. तूप तसंच गाठोड्यात होतं.

घरी पोचलो त्या दिवशी सांज झाली. लोक येऊन बसले होते, हळू बोलत होते. बापू उठले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले आणि पागोटं बांधायला लागले. मी पाहत राहिले. त्यांचे हात आपोआप चालले होते, एकेक पेच बसत होता. मग त्यांनी काठी घेतली.

याडी बाळाला घेऊन दारात आली. "कोठी?"

"एक जीव वाढला," बापू म्हणाले. "सांगा लागंन."

"हिचं कोणाले सांगायचं नाई," याडी म्हणाली.

ती एवढंच बोलली. बापू काठी घेऊन उभे राहिले, उताराकडे पाहिलं, चावडीकडे पाहिलं. नंतर ते खाली बसले. पागोटं त्यांनी काढलं नाही, दिवे लागेपर्यंत तसेच बसून राहिले. दुसऱ्या सांजेलाही तेच. नंतर रोज तेच. पागोटं बांधायचं, ओट्यावर बसायचं, अंधार पडला की सोडून खुंटीला टांगायचं. पण ते चावडीवर गेले नाहीत.

तांड्यातले लोक घाबरले. हजेरी चुकली, आता काय होईल? काहींनी पोरांना दूर जाऊ दिलं नाही. ठाण्याची सायकल नाल्यावर दिसली की बाप्ये घरात शिरायचे. असे दिवस गेले, महिने गेले. पाटलाकडून निरोप आला नाही. ठाण्यातून कोणी आलं नाही. कोतवालही आला नाही. ज्याच्या भीतीने आम्ही एवढी वर्षं जागेवर बसलो तो पाहणारा नव्हताच. हे तांड्याच्या हळूहळू लक्षात आलं, आणि लोक मोकळे झाले. कोणी पुसदला कामाला गेलं, कोणी पोरांना शाळेला ठेवलं. मामाही एक दिवस पाय ओढत दिवाळीला आला, आणि याडी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून फार वेळ रडली.

बापू तेवढे मोकळे झाले नाहीत. मला बरेच दिवस वाटायचं, ते भीतीने उताराकडे पाहत बसतात. माझं लग्न झालं, मी बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हाही ते सांजेला पागोटं बांधून तसेच बसलेले. बाईची पोर त्यांच्या मांडीवर खेळत होती, त्यांच्या काठीशी झोंबत होती. मी बाजूला बसले आणि विचारलं, "बापू, आता कोन येनार हाये? कायले वाट पाह्यता?"

त्यांनी पोरीला मांडीवर सारखं केलं. मग म्हणाले, "कोणी तरी यावं असं वाटते. यावं अन् म्हणावं, काहून रे, हजेरीले काहून आला नाई. एकदा तरी म्हणावं."

त्यांनी पोरीच्या हातातून काठी सोडवून घेतली.

"म्हंजे माह्या पोरीले मी उगाच थांबवलं नाई, असं होईन."

त्यांना विचारायला कोणी आलं नाही.